इशारा कोणासाठी? मुंबईतील वादळ-निरीक्षण आणि धोक्याचा बावटा (१८२६ ते २०२१)

प्रस्तावना

मुंबईच्या इतिहासलेखनात बंदर, गिरण्या, चाळी आणि चळवळी यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे वाऱ्याला मिळालेले नाही. पावसाविषयी मुंबईकर भरभरून बोलतो. वादळाविषयी मात्र त्याची स्मृती अत्यंत तोकडी आहे. याचे एक कारण भौगोलिक आहे. अरबी समुद्रातील चक्रीवादळे प्रामुख्याने पावसाळ्याच्या आधी मे-जूनमध्ये आणि नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निर्माण होतात. त्यांपैकी बरीचशी ओमानकडे किंवा गुजरातच्या किनाऱ्याकडे वळतात आणि मुंबईवर थेट येणारी विरळाच. जे क्वचित घडते त्याची तयारी समाज ठेवत नाही, त्याची नोंदही नीट ठेवत नाही.

तरीही या शहरात वाऱ्याचे आणि वायुभाराचे वेध घेणारी माणसे दीडशेहून अधिक वर्षे सातत्याने होती. त्यांतील काही सरकारी चाकरीत होती, काही केवळ हौसेने हे काम करीत होती. त्यांनी मिळवलेले ज्ञान इशाऱ्याच्या रूपाने कोणापर्यंत पोहोचले आणि कोणापर्यंत पोहोचले नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. गिरगाव, परळ, लालबाग, दादर या वस्त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न पाहिला असता असे दिसते की, वादळाचे शास्त्र मुंबईत लवकर आले, परंतु त्याचा इशारा दीर्घकाळ जहाजाला उद्देशून दिला जात होता, माणसाला नव्हे.

वेधशाळा आणि तिच्याभोवतीचे हौशी

कुलाबा येथील वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली ती हवामानासाठी नव्हे. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि खगोलीय वेध घेता यावेत, हा तिचा मूळ हेतू होता. १८४१च्या सुमारास एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक ऑर्थर ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तेथे चुंबकीय व हवामानविषयक निरीक्षणांना पद्धतशीर सुरुवात झाली. या कामात मराठी माणसांचा सहभाग आरंभापासून होता, ही बाब पुरेशी लक्षात घेतली जात नाही. केरो लक्ष्मण छत्रे १८४० साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, दरमहा पन्नास रुपये पगारावर ऑर्लेबार यांचे सहायक म्हणून रुजू झाले आणि १८५१पर्यंत तेथे राहिले. पुढे 'ग्रहसाधनाची कोष्टके' (१८६०) रचणाऱ्या या गणितज्ञाची उमेदवारी ठरावीक वेळी, दिवसा आणि रात्री, उपकरणांवरील आकडे टिपण्यात गेली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांचाही या वेधशाळेशी निकटचा संबंध होता. त्यांच्या 'दिग्दर्शन' मासिकाने १८४० पासून भूगोल व पदार्थविज्ञान हे विषय मराठी वाचकांपुढे आणले.

हे आकडे टिपण्याचे काम रुक्ष वाटते. त्याचे महत्त्व समजण्यासाठी उष्ण कटिबंधातील वायुभाराचा एक स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. मुंबईत हवेचा दाब दिवसातून दोनदा वाढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या आसपास तो सर्वाधिक असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या आसपास सर्वांत कमी. म्हणजे दुपारी वायुभारमापकातील पारा थोडा खाली आला, तर त्यात घाबरण्यासारखे काहीच नसते. परंतु ज्या वेळी तो चढायला हवा त्या वेळी तो उतरत राहिला, तर मात्र समुद्रात काहीतरी घडत आहे असे समजावे. नेहमीचे काय आणि नेहमीपेक्षा वेगळे काय हे ओळखण्यासाठी वर्षानुवर्षांची कोष्टके हाताशी हवीत. कुलाब्याने ती दिली. तेथील पर्जन्यमापनाची नोंद १८४७ पासून सलग उपलब्ध आहे.

वेधशाळेच्या बाहेरही वाऱ्याचे वेड घेतलेली मंडळी होती. डॉ. जॉर्ज ब्यूस्ट हे त्यांतील ठळक नाव. 'बॉम्बे टाइम्स'चे, म्हणजे आजच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या पूर्वसूरीचे, संपादक असलेले हे स्कॉटिश गृहस्थ काही काळ कुलाबा वेधशाळेचेही प्रभारी होते. बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटीचे चिटणीस या नात्याने त्यांनी भरती-ओहोटी, पाऊस आणि वादळे यांविषयीची माहिती गोळा केली. १८५७च्या उठावाच्या वेळी भारतीयांविषयी त्यांनी केलेले जहरी लेखन आणि त्यामुळे त्यांना सोडावे लागलेले संपादकपद हा स्वतंत्र विषय आहे. ते लेखन निषेधार्हच होते, पण हवामानाच्या अभ्यासातील त्यांची चिकाटी त्यामुळे नाकारता येत नाही. त्याच काळात कलकत्त्याला हेन्री पिडिंग्टन जहाजांच्या रोजनिशा तपासून वादळांचे मार्ग कागदावर आखत होते. वादळातील वारा वेटोळे घालणाऱ्या सर्पासारखा फिरतो या जाणिवेतून त्यांनी १८४८ साली 'सायक्लोन' हा शब्द रूढ केला. मराठीतील 'चक्रीवादळ' हा शब्दही तीच कल्पना सांगतो.

या वेडाची कसोटी लवकरच लागली. १ नोव्हेंबर १८५४च्या रात्री मुंबईवर मोठे वादळ कोसळले. बंदरातील गलबते, पडाव आणि मचवे एकमेकांवर आदळून फुटले. या वादळात सुमारे एक हजार माणसे दगावल्याचे नंतरच्या वृत्तांतांत नमूद आहे. त्या काळी तारेचे जाळे सर्वसामान्य वापरासाठी खुलेही झालेले नव्हते, ते पुढील वर्षी झाले. कुलाब्याला पारा उतरलेला दिसणे आणि माझगावच्या नाखव्याला ते कळणे यांत कोणताही दुवा अस्तित्वात नव्हता. नाखवा स्वतःच्या अनुभवावर विसंबून होता. पहाटेचा मतलई वारा वेळेवर सुटला नाही, किंवा भर दिवसा खाऱ्या वाऱ्याऐवजी पूर्वेचा वारा वाहू लागला, की किनाऱ्यावर परतावे हे त्याला ठाऊक असे. या ज्ञानाची लेखी नोंद कोणी ठेवली नाही. इतिहासकाराच्या दृष्टीने ही न भरून येणारी हानी होय.

तार, शंकू आणि दिवे

कलकत्त्याला ५ ऑक्टोबर १८६४ रोजी झालेल्या भीषण वादळानंतर तेथील बंदरासाठी १८६५ साली इशाऱ्याची व्यवस्था सुरू झाली. हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना १८७५ची. पश्चिम किनाऱ्यावर मात्र अशी व्यवस्था यायला १८८० साल उजाडले. त्या वर्षी मुंबई, कराची, रत्नागिरी, वेंगुर्ला, कारवार आणि कुमठा या बंदरांचा तीत समावेश झाला. ही नावे पाहता योजनेमागील विचार लक्षात येतो. किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकणारे वादळ आधी कारवारला आणि वेंगुर्ल्याला जाणवणार आणि तार त्याच्यापुढे धावणार. पण खोल समुद्रातून थेट येणाऱ्या वादळापुढे तारही हतबल होती. बिनतारी यंत्रे जहाजांवर येईपर्यंत समुद्राच्या मध्यावरून बातमी देणारे कोणीच नव्हते.

१ एप्रिल १८९८ पासून देशातील सर्व बंदरांत एकसारखी संकेतपद्धती लागू झाली. दिवसा खांबावर शंकू व दंडगोल आकाराच्या आकृत्या आणि रात्री लाल-पांढरे दिवे असे तिचे स्वरूप. मराठी माणसाने मात्र या सगळ्याला सरसकट 'बावटा' म्हटले आणि 'बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला' हा वाक्प्रयोग वृत्तपत्रांतून रूढ झाला. आजही प्रचलित असलेल्या पद्धतीत एकूण अकरा संकेत आहेत. पहिले दोन दूर समुद्रातील कमी दाबाविषयी आणि वादळाविषयी, तिसरा व चौथा बंदराला सावध करणारे. पाच ते सात धोक्याचे आणि आठ ते दहा महाधोक्याचे. यातील पाचव्या आणि सहाव्यात एक सूक्ष्म भेद आहे. वादळ आपल्या मार्गाने जाताना बंदर त्याच्या डाव्या बाजूस राहणार असेल तर पाचवा, उजव्या बाजूस राहणार असेल तर सहावा आणि वादळ बंदरावरूनच किंवा अगदी जवळून जाणार असेल तर सातवा. डाव्या-उजव्याचा हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. अकरावा संकेत सर्वांत विलक्षण म्हणावा लागेल. इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि स्थानिक अधिकाऱ्याच्या मते हवामान बिघडण्याचा धोका आहे, असा त्याचा अर्थ. काहीच बातमी नसणे हीच बातमी मानण्याची दूरदृष्टी या पद्धतीच्या रचनाकारांनी दाखवली.

मुंबईच्या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी १८९६ साली सूत्रे हाती घेतली ती याच काळात. विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांमुळे चुंबकीय निरीक्षणांत व्यत्यय येणार म्हणून ती निरीक्षणे १९०४ साली अलिबागला हलवण्यात आली. हवामानाचे काम कुलाब्यालाच राहिले. शास्त्रीय सामग्रीच्या दृष्टीने मुंबई विसाव्या शतकाच्या आरंभी सुसज्ज होती असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु ही संपूर्ण यंत्रणा बंदराच्या अधिकाऱ्यासाठी आणि जहाजाच्या कप्तानासाठी होती. खांबावर चढवलेल्या शंकूचा अर्थ लालबागच्या गिरणी कामगाराला सांगण्याची तरतूद तीत नव्हती. त्याला त्याची गरजच नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही.

१७ जुलै १९४७

गिरणगावातील बहुसंख्य कामगार रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतून आलेले होते. त्यांची घरे गावी आणि पोट मुंबईत होते. या दोहोंना जोडणारी वाट समुद्रावरून जात होती. भाऊ अजिंक्य यांनी १८४१ साली बांधलेल्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटी हे परळ-लालबागच्या आणि गिरगावच्या चाळींचे गावाशी असलेले नातेच होते. साहजिकच अरबी समुद्रातील वारा हा चाळकऱ्यांच्या घरचा प्रश्न होता. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या, तेव्हा हे एकदा सिद्ध झाले होते.

१७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला एक महिनाही उरला नसताना, 'रामदास' ही आगबोट सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. गटारी अमावास्येसाठी गावी जाणाऱ्यांची गर्दी होती आणि उतारूंपैकी बरेच जण गिरगाव व परळ भागांतील होते. तो चक्रीवादळाचा दिवस नव्हता. आषाढातील सोसाट्याचा वारा, पाऊस आणि उंच लाटा एवढेच. काशाच्या खडकाजवळ बोट एका अंगाला कलली, घाबरलेले उतारू एकाच बाजूला धावले आणि निघाल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रेवसच्या बाजूने मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून अनेकांना वाचवले.

या दुर्घटनेचा सर्वांत बोलका तपशील निराळाच आहे. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबई बंदराच्या तोंडाशी, कुलाब्याच्या वेधशाळेपासून अवघ्या काही मैलांवर शेकडो माणसे बुडत असताना शहराला त्याची वार्ता नव्हती. पोहून किनाऱ्याला लागलेल्यांनी दुपारनंतर ती आणली. ज्या पद्धतीने संपर्क तुटल्याचासुद्धा संकेत योजून ठेवला होता, त्या पद्धतीच्या कक्षेत कोकणी उतारूंची बोट खऱ्या अर्थाने आलीच नव्हती. इशाऱ्याचे शास्त्र आणि प्रवाशाचा जीव यांतील हे अंतर मैलांत मोजण्यासारखे नाही.

पुढील वर्षी, नोव्हेंबर १९४८मध्ये, मुंबईला खऱ्याखुऱ्या चक्रीवादळाचा तडाखा बसला आणि शहरातील झाडे व तारा कोसळल्या. त्यानंतरच्या दशकांत आकाशवाणीवरून मच्छिमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा मराठीतून ऐकू येऊ लागला. ही बातमी चाळीच्या गॅलरीत ऐकणाऱ्यास आपल्याशी तिचा संबंध नाही असे वाटत असले, तरी इशारा खांबावरून उतरून लोकभाषेत आला ही घटना लहान नव्हती. १९६३ साली आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या निमित्ताने कुलाब्याला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र स्थापन झाले आणि १९८३ पासून इन्सॅट-१बी या उपग्रहाकडून ढगांची चित्रे मिळू लागली. वादळ आता समुद्राच्या मध्यावरही दिसू शकत होते. मात्र दिसणे आणि कळणे यांतील फरक कायम राहिला. २६ जुलै २००५ रोजी कुलाब्याला ७३.४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला, तर सांताक्रुझला ९४४.२ मिलिमीटर. एकाच शहराच्या दोन टोकांना दोन वेगळी आकाशे होती आणि परळ-दादरमधील रहिवाशाला आपले आकाश यांतील कोणते, हे सांगणारे कोणी नव्हते.

न झालेले वादळ

हौशी निरीक्षकांचे आणि जुन्या नोंदींचे महत्त्व पटवून देणारे एक चमत्कारिक प्रकरण येथे नोंदवणे आवश्यक आहे. ६ जून १८८२ रोजी मुंबईत आलेल्या वादळात एक लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा उल्लेख जगभरच्या आपत्तींच्या याद्यांत अनेक वर्षे आढळत होता. एका यादीवरून दुसरी यादी तयार होत गेली आणि आकडा पक्का होत गेला. वस्तुतः त्या काळी मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. शहरातील दर आठ माणसांमागे एक माणूस एका दिवसात नाहीसे झाले असते, तर त्याचा ठसा जनगणनेत, वृत्तपत्रांत, घराघरांतील श्राद्धतिथींत राहिला असता. अमिताव घोष यांनी 'द ग्रेट डिरेंजमेंट' (२०१६) या ग्रंथात या वादळाविषयी संशय व्यक्त केला आणि अ‍ॅडम सोबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली 'मंथली वेदर रिव्ह्यू'मधील शोधनिबंधात असे वादळ झालेच नसल्याचा निर्वाळा दिला. इशाऱ्याची व्यवस्था सुरू होऊन दोन वर्षे झालेली आणि वेधशाळेत रोज नोंदी होत असलेल्या शहराबद्दल एवढी मोठी दंतकथा टिकून राहावी, हे खेदजनक आहे.

या दंतकथेचा दुसरा अंक २०२० साली झाला. 'निसर्ग' वादळ येत असताना शतकाहून अधिक काळानंतर मुंबईवर येणारे हे पहिलेच चक्रीवादळ, अशा आशयाच्या बातम्या सर्वत्र झळकल्या. १९४८चे वादळ विसरले गेले होतेच. पण अवघ्या अकरा वर्षांपूर्वी, ११ नोव्हेंबर २००९ रोजी, 'फयान' हे वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले होते आणि समुद्रात असलेल्या कोकणातील मच्छिमारांना त्याने गाठले होते, याचाही विसर पडला होता. मेलेली माणसे रत्नागिरी-सिंधुदुर्गची असली की ते वादळ मुंबईच्या खाती जमा होत नाही, असा याचा अर्थ घ्यावा काय?

डावी बाजू, उजवी बाजू

डिसेंबर २०१७मध्ये 'ओखी' वादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे सरकले, तेव्हा महापरिनिर्वाण दिनासाठी देशभरातून आलेले अनुयायी दादरच्या शिवाजी पार्कवर मंडपांत उतरलेले होते. अवकाळी पावसाने मैदान भिजले आणि त्यांची निवाऱ्याची सोय पालिकेच्या शाळांत करावी लागली. हवामानाचा इशारा बंदराऐवजी मैदानावरील माणसाला उद्देशून अमलात आल्याचे हे एक ठळक उदाहरण होय.

'निसर्ग'च्या वेळी, जून २०२०मध्ये, टाळेबंदीमुळे घरात अडकलेल्या मुंबईने वादळाचा मागोवा घेण्याचा छंद प्रथमच सामूहिक रीतीने अनुभवला. उपग्रहाची चित्रे, वाऱ्याचे हलते नकाशे आणि युरोपीय व अमेरिकी प्रारूपांचे अंदाज सर्वांना खुले होते. ज्या कामासाठी ब्यूस्ट यांना जहाजांच्या येण्याची वाट पाहावी लागे, ते गिरगावातील एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी खिडकीत बसून करू शकत होता. बऱ्याच भ्रमणध्वनींत वायुभारमापकही असतो. हवामान विभागाने हरिहरेश्वर आणि दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ, वादळ किनारा गाठेल असा इशारा दिला होता. ३ जूनच्या दुपारी ते त्याहून थोडे दक्षिणेला, श्रीवर्धनच्या परिसरात आले आणि ईशान्येकडे निघून गेले. मुंबई त्याच्या डाव्या बाजूस राहिली. उत्तर गोलार्धात वादळाच्या उजव्या बाजूस त्याचा स्वतःचा पुढे सरकण्याचा वेग वाऱ्यात मिळतो, डाव्या बाजूस तो वजा होतो. शिवाय या स्थितीत मुंबईतील वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता, त्यामुळे पाणी किनाऱ्यावर चढले नाही. पाचव्या आणि सहाव्या संकेतांतील भेदाचे मर्म हेच.

वादळाने हुलकावणी दिली, असे मुंबईत म्हटले गेले. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड आणि दापोली येथील नारळी-पोफळीच्या बागा मात्र जमीनदोस्त झाल्या, वीज गेली आणि दूरध्वनी बंद पडले. लालबाग-परळमधील अनेक कुटुंबांना गावाकडची खबर कित्येक दिवस मिळाली नाही. त्यांच्यासाठी तो अकरावा संकेत होता.

पुढील वर्षी बाजू उलटली. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' हे अतिशय तीव्र चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून उत्तरेला गेले आणि शहर त्याच्या उजव्या बाजूस आले. वारा आग्नेयेकडून दक्षिणेला आणि मग नैर्ऋत्येला फिरत गेला. वातकुक्कुटावर नजर ठेवणाऱ्याला केवळ या फिरण्यावरूनही वादळ समुद्रातूनच पुढे सरकत असल्याचे उमगले असते. कुलाब्याला वाऱ्याच्या झोतांचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक नोंदवला गेला. चोवीस तासांत तेथे २०७.६ आणि सांताक्रुझला २३०.३ मिलिमीटर पाऊस पडला, मे महिन्याच्या मानाने हे आकडे असामान्य होत. इशारा वेळेवर मिळालेला असल्याने तात्पुरत्या करोना केंद्रांतील ५८० रुग्णांना आधीच अन्यत्र हलवण्यात आले होते. सागरी सेतू बंद ठेवण्यात आला, विमानतळ थांबवण्यात आला. शहराच्या बाबतीत इशारा अखेर माणसापर्यंत पोहोचला होता.

समुद्रात चित्र वेगळे होते. बॉम्बे हाय तेलक्षेत्रातील कामगारांना घेऊन असलेली 'पी-३०५' ही बार्ज नांगर तुटून भरकटली आणि १७ मेच्या सायंकाळी बुडाली. तिच्यावर २६१ माणसे होती. नौदलाच्या 'कोची' आणि 'कोलकाता' या जहाजांनी उसळत्या समुद्रात रात्रभर शोध घेऊन शक्य तेवढ्यांना बाहेर काढले, तरीही सत्तरहून अधिक जण दगावले. वादळाचा अंदाज, त्याचा मार्ग आणि मच्छिमारांनी परतावे हा इशारा काही दिवस आधीपासून प्रसृत होत होता. कोकणातील लहान होड्यासुद्धा बंदरांत परतल्या होत्या. बार्ज मात्र तेलक्षेत्रातच राहिली. वाचलेल्या एका अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून मुंबई बंदराच्या हद्दीतील यलो गेट पोलीस ठाण्यात, इशाऱ्याकडे दुर्लक्ष केल्याच्या आरोपावरून बार्जच्या कप्तानाविरुद्ध गुन्हा नोंदवण्यात आला. बुडालेल्यांत तो कप्तानही होता.